मदत हवी आहे: अडीच तासांची गाण्याची बैठक न थांबता टिपेल असा कॅमेरा – निकॉन झेडआर घ्यावा की दुसरं काही?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मावसभाऊ मिळून पुण्यात घरगुती बैठका, छोट्या सभागृहांतल्या मैफली, कीर्तनं आणि अधूनमधून प्रायोगिक नाटकांचं चित्रीकरण करतो. लग्नाची कामं पोटासाठी घेतो. जीव मात्र या कामात आहे. ऐंशीच्या घरातले गुरुजी आजही शिष्यांपुढे दोन-अडीच तास गातात आणि मध्येच एखादी अशी बंदिश काढतात, जी दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नाही. ती अखंड आणि स्वच्छ आवाजात टिकून राहावी, एवढ्यासाठी हा धागा काढते आहे. आता दोन्ही कॅमेरे बदलायची वेळ आली आहे आणि पैसे एकदाच घालता येणार आहेत.

आधी अडचण सांगते. बैठकीत माइकसाठी पंखे आणि एसी बंद ठेवावे लागतात. एप्रिल-मे महिन्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या दिवाणखान्यात चाळीस-पन्नास माणसं बसली की खोलीची भट्टी होते. विलंबित संपून द्रुत सुरू झालं, ताना रंगात आल्या, की आमच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कोपऱ्यात पिवळं थर्मामीटर लुकलुकायला लागतं आणि थोड्या वेळाने कॅमेरा स्वतःहून बंद पडतो. (कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.) शिवाय तो जुन्या पिढीतला, २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवणारा. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून वेगळी जकात लागायची, म्हणून ही मर्यादा आली. एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने त्या वेळी चालू राहायचं, असा खेळ संपूर्ण मैफलभर चालतो. लक्ष गाण्याकडे राहतच नाही.

दुसरी अडचण चित्राची. आमचं फुटेज ८-बिट आहे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. गायकाच्या मागचा गडद निळा पडदा थोडा उजळला की त्यावर पट्टे उमटतात. १०-बिटमध्ये त्याच पायऱ्या १,०२४ होतात, त्यामुळे नवीन कॅमेरा १०-बिटच हवा, यावर आमचं एकमत आहे.

आता बातम्यांकडे येते, कारण मन तिथेच अडकलं आहे. निकॉनने २०२४ मध्ये रेड ही अमेरिकी सिनेमा कॅमेरा कंपनी विकत घेतली. त्याआधी २०२२ मध्ये याच रेडने कॅमेऱ्यातच होणाऱ्या कॉम्प्रेस्ड रॉ (सेन्सरवरून येणाऱ्या कच्च्या चित्राच्या) रेकॉर्डिंगच्या पेटंटवरून निकॉनवर दावा लावला होता. तो दावा २०२३ मध्ये मिटला आणि पुढच्या वर्षी कंपनीच निकॉनकडे आली. त्या एकत्र येण्यातून सप्टेंबर २०२५ मध्ये झेडआर जाहीर झाला: फुल फ्रेम, ६के, रेडच्या घराण्यातला रॉ फॉरमॅट, चार इंची स्क्रीन आणि थेट कॅमेऱ्यात ३२-बिट फ्लोट ऑडिओ (पातळी चुकली तरी नंतर सावरता येणारा आवाज). जाहीर झाला तेव्हा किंमत अमेरिकेत सुमारे २,२०० डॉलर होती. काही वर्षांपूर्वी रेडचं नाव घेतलं की आमच्यासारख्यांनी विषय बदलायचा, इतकी ती किंमत लांबची होती. त्यामुळे हा कॅमेरा आपल्या आवाक्यात आला याचा मला मनापासून आनंद झाला आहे.

पण माझ्या कामाला तो कितपत चालेल, हे कळत नाही. त्यात पंखा नाही, उष्णता बॉडीतूनच बाहेर जाते. एक स्लॉट सीएफएक्सप्रेस टाइप बी कार्डाचा आणि दुसरा मायक्रोएसडीचा. दोन सारख्या कार्डांवर एकाच वेळी नक्कल ठेवायची आमची पद्धत तिथे कशी बसवायची? एचडीएमआय मायक्रो आकाराचं आहे, आणि अंधारात कुणाचा पाय वायरीत अडकला तर सगळ्यात आधी तेच पोर्ट जातं. दुसऱ्या बाजूला माझ्याकडे निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या लेन्स आहेत, ८५ एफ/१.८ डी आणि ८०-२०० एफ/२.८ डी. एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स नव्या बॉडीला जोडणारा) त्यांचं ऑटोफोकस चालत नाही हे माहीत आहे, पण मांडी घालून बसलेल्या गायकावर हाताने फोकस धरायला मला अडचण येत नाही.

दुसरा पर्याय सोनी एफएक्स३०. तो २०२२ चा आहे, पण पंखा आहे, दोन्ही स्लॉट सारखे आहेत, एचडीएमआय पूर्ण आकाराचं आहे आणि एक्सएलआरचा (व्यावसायिक माइकच्या जोडणीचा) हँडल लावता येतो. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान. तिसरा पॅनासॉनिक एस५ मार्क टू, जानेवारी २०२३ चा: फुल फ्रेम, त्यातही पंखा, दोन एसडी स्लॉट. भावाचा कल तिसऱ्याकडे आहे. माझा रोज बदलतो.

बजेट दोन बॉडी धरून चार लाखांच्या आत. बिलाशिवायचा माल घ्यायचा नाही, वॉरंटी आणि जीएसटीचं क्रेडिट दोन्ही हवं आहे.

तुमच्यापैकी कुणी झेडआर बंद खोलीत, उन्हाळ्यात, एका दमात दोन तास चालवला आहे का? ३२-बिट फ्लोटमुळे पखवाजाची थाप पडल्यावर आवाज फाटण्याचा प्रश्न खरंच सुटतो का? आणि बालगंधर्व, टिळक स्मारक किंवा भरत नाट्य मंदिरात एलईडी दिव्यांखाली शूट करणाऱ्यांनी शटर किती ठेवता तेही सांगावं. नाटकाचं काम तिथेच असतं.

प्रतिसाद

ताई, आवाजापासून सुरुवात करतो, कारण तुमचा निर्णय तिथेच ठरेल असं मला वाटतं.

३२-बिट फ्लोटचा फायदा खरा आहे. रेकॉर्डिंगची पातळी चुकली तरी नंतर वर-खाली करून घेता येते. पण फाइलपर्यंत पोचण्याआधीच आवाज फाटला असेल, माइकच्या कॅप्सूलमध्ये किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये, तर तो फाटलेलाच नोंदला जातो. मैफलीत तुम्ही बहुतेक मिक्सरमधूनच फीड घेत असाल. ती लाइन लेव्हल, म्हणजे माइकपेक्षा बरीच जोरदार असते आणि कॅमेऱ्याचं ३.५ मिमी भोक अनेकदा माइक लेव्हलवर असतं. तसं असेल आणि मध्ये पॅड (पातळी कमी करणारा जोड) नसेल तर ३२-बिटनेही वाचणार नाही. शिवाय तानपुरा-हार्मोनियमसाठी चांगले कंडेन्सर माइक लावायचे तर त्यांना ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारा वीजपुरवठा) लागतो, तो त्या भोकातून मिळत नाही.

माझा सल्ला असा की आवाज कॅमेऱ्यावर ठेवूच नका. झूम एफ३ सारखा लहान रेकॉर्डर घ्या. त्यात दोन एक्सएलआर, फँटम आणि ३२-बिट फ्लोट आहे. गेनचं (आवाजाची पातळी लावायचं) बटणच नाही. गुरुजींच्या समोर दोन माइक लावा आणि स्वस्थ बसा. कॅमेऱ्यातला आवाज फक्त जुळवणीपुरता. मग ३२-बिटसाठी झेडआर घ्यायचं कारण उरत नाही आणि तुम्ही कॅमेरा फक्त चित्र आणि दमावर निवडू शकता.

प्रतिसाद

एलईडीबद्दल. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर हीच पहिली पायरी. साध्या ट्यूबलाइट-बल्बखाली एवढ्याने भागतं. स्टेजवरचे एलईडी पार (झोतदिवे) मात्र डिमरवर मंद केले की फार वेगाने उघडझाप करतात आणि तिथे ५० हर्ट्झचा हिशोब लागू होत नाही. तालमीला जा, प्रकाशयोजनाकाराला प्रत्येक दिवा अर्ध्यावर आणायला सांगा आणि पट्टे कुठे दिसतात ते स्क्रीनवर मोठं करून बघा. शटर थोडं थोडं सरकवून पट्टे जातात का ते पाहायचं. प्रत्येक सभागृहाचा आकडा वेगळा निघतो, त्यामुळे माझा आकडा तुमच्या कामाचा नाही.

एपीएस-सीला नाक मुरडू नका, असंही सांगेन. गायक, तबलजी आणि पेटीवाला एका रेषेत बसत नाहीत. फुल फ्रेमवर लांबच्या लेन्सने एफ/२.८ ला गायकाचे डोळे धारदार येतात आणि तबल्यावरची बोटं धूसर होतात; लहान सेन्सरवर तीच चौकट घेतली की हे कमी होतं. बैठकीत बोटं दिसलीच पाहिजेत.

प्रतिसाद

एक मुद्दा कुणी काढला नाही: साठवण. एफएक्स३०वर ४के, २५ फ्रेम, १०-बिट ४:२:२ (रंगाचा तपशील जास्त ठेवणारा प्रकार) घेतलं तर सेकंदाला १४० मेगाबिट. म्हणजे तासाला ६३ जीबी, अडीच तासांना साधारण १५८ जीबी. दोन कॅमेरे म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. वर एक प्रत घरी आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवायची. रॉवर गेलात की हे सगळं कितीतरी पटीने वाढतं, आणि तीस बैठका झाल्यावर तुम्ही जुन्या पुसायला लागाल. जतन करणाऱ्याने ती वेळ स्वतःवर आणू नये.

एडिटिंगचं मशीनही तपासा. १०-बिट ४:२:२ सगळ्या ग्राफिक कार्डांना हार्डवेअरमधून उलगडता येत नाही; एनव्हिडियाने ती सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत दिली. ॲपलच्या एम चिपवर अडत नाही. जुनं मशीन असेल तर रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) करून काम करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फँटमचा मुद्दा माझ्या लक्षातच यायला हवा होता असं भाऊ म्हणाला, पण इथे कुणीतरी स्वच्छ शब्दांत मांडला म्हणून निर्णय सोपा झाला. रेकॉर्डर आधी घेणार, या आठवड्यातच. तो आमच्या सध्याच्या कॅमेऱ्यांबरोबरही चालेल, म्हणजे पुढच्या बैठकीत चित्र थांबलं तरी गाणं पूर्ण हाती राहील.

बोटं दिसण्याबद्दल जे लिहिलंत ते वाचून जुनं फुटेज काढून बघितलं. ८०-२०० पूर्ण उघडी ठेवून घेतलेल्या एका मैफलीत कायदा (तबल्याचा एक रचनाप्रकार) चालू असताना डग्ग्यावरचा हात सतत धूसर आहे. तबला शिकणाऱ्या मुलांना त्या चित्राचा काही उपयोग नाही. त्यामुळे मुख्य कॅमेरा एफएक्स३० आणि जोडीला टॅमरॉनची १७-७० एफ/२.८, इथपर्यंत आम्ही दोघं आलो आहोत. एफ/४ ला ठेवला तर उजेड पुरेल का, हे दिवाणखान्यात बघायचं राहिलं आहे.

झेडआर मी मनातून काढलेला नाही. नाटकासाठी, जिथे मध्यंतर असतं आणि उजेड-अंधाराचा आवाका मोठा असतो, तिथे दुसरा कॅमेरा म्हणून तो हवासा वाटतो. जुन्या लेन्सही कामी येतील.

आता दोनच गोष्टी विचारते. वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज दोन तासांनी कॅमेऱ्यापासून काही फ्रेम सरकतो, असं ऐकून आहे. तुम्ही शेवटाला ताणून जुळवता, की टाइमकोड (दोन्ही यंत्रांत नोंदली जाणारी एकच वेळ) लावता? बैठकीत क्लॅप मारता येत नाही, तबला सुरात लावताना पडणाऱ्या पहिल्या ठोक्यावर जुळवायचा विचार आहे. आणि पुण्यात झेडआर दोन दिवसांसाठी भाड्याने देणारं कुणी माहीत असेल तर निरोप पाठवा. दुपारी दोन वाजता, खिडक्या लावून, पंखा बंद करून तो एका दमात चालवून बघायचा आहे. निकाल इथेच लिहीन.