पैसे मोजून गाणं डाउनलोड केलंय का कुणी?

निशिगंध_ठाणे

मुलगा अकरावीत आहे. कॉलेजात त्याला संगीताच्या धंद्यावर दहा मिनिटं बोलायचंय. त्याने क्रम लावलाय: कॅसेट, सीडी, डाउनलोड, स्ट्रीमिंग. मधे अमेरिकेची गोष्टही टाकलीय, की एप्रिल २००३ मध्ये आयट्यून्स स्टोअर सुरू झालं, ९९ सेंटला एक गाणं. काल जेवताना विचारतो, "आई, तू पहिलं गाणं कधी विकत डाउनलोड केलंस?"

मी आमटी वाढत राहिले. आमच्या घरी कॅसेटी होत्या, थोड्या सीड्या होत्या आणि मग एकदम फोनमध्ये गाणी होती. ती तिथे कुठून आली, देवजाणे. कुणी खरंच पैसे देऊन घेतली होती का? की तो टप्पा आपल्याकडे झालाच नाही?

खडूस_सदाशिव

मी घेतली होती. टिंगल करू नये.

फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. साध्या एमपीथ्री फायली, कॉपी करायला कुलूपबिलूप काही नाही. ऑफिसात सांगितलं तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी नळाच्या पाण्याला बाटलीचे पैसे देतोय. जून २०१३ मध्ये ते बंदही झालं. आयट्यून्स आपल्याकडे डिसेंबर २०१२ मध्ये आलं, पण क्रेडिट कार्ड लागायचं आणि ते तेव्हा घरटी एकाकडेही नसायचं. माझी गाणी पुढे हार्ड डिस्कबरोबर गेली. बॅकअप घेतला नव्हता, दोष माझाच.

टेपवाला_कराड

निशिगंधताई, मधे काय झालं ते मी सांगतो. मधे मी होतो.

स्टँडाजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं, १९९१ पासून. तयार कॅसेटी विकायचोच, गणपतीत आरत्यांची खोकीच्या खोकी जायची. पण वर्षभराचा धंदा भरून द्यायचा. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर बारा-पंधरा गाणी लिहून आणायचं, मी सी-६० मध्ये भरायचो. एका बाजूला अर्धा तास. सहा गाणी बसली की शेवटी तीनेक मिनिटांची टेप उरायची. ती कोरी सोडली की माणूस भांडायला हजर, "पैसे पुरे घेतले आन् शेवटी नुसती खरखर." म्हणून मी एक वेगळी वही केली होती, फक्त सव्वातीन मिनिटांच्या आतल्या गाण्यांची. समोर गाण्याची वेळ, सेकंदासकट. जुन्या ७८च्या तव्यांवरची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोन रेकॉर्डींवरची नाट्यपदं त्या कामाला सोन्यासारखी, कारण तव्याच्या एका बाजूवर त्याहून फार जास्त मावायचंच नाही. वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या ड्रायव्हरांनी हिंदी गाण्यांच्या शेपटाला नाट्यपदं ऐकली आणि पुढच्या खेपेला विचारलं, "ते शेवटचं कुणाचं ओ?" अशी चार-पाच गिऱ्हाइकं तर पक्की नाट्यसंगीताची झाली.

सीडी आमच्याकडे रुजलीच नाही. महाग, आणि गाणी आठ-दहा. तोवर हातगाडीवर एमपीथ्रीच्या सीड्या आल्या, दीडशे गाणी तीस रुपयांत. गणित सोपं आहे. ऑडिओ सीडीला मिनिटाला दहा एमबी लागतात, १२८ केबीपीएसच्या, म्हणजे तेव्हाच्या नेहमीच्या दर्जाच्या एमपीथ्रीला एक. वितरकाने न खपलेला माल परत घ्यायचं बंद केलं आणि दोन खोकी माझ्या अंगावर पडली.

मग २००८च्या आसपास मीही पाटी लावली, "मेमरी कार्ड भरून मिळेल". कायद्यात बसत नव्हतं. कॅसेट भरणंही बसत नव्हतं, उगाच साळसूदपणा करत नाही. मोबाइलचं झाकण काढायचं, बॅटरी काढायची, खालचं नखाएवढं कार्ड रीडरमध्ये खोचायचं. चार जीबीत आठशे गाणी, पन्नास रुपये, समोर चहा पिऊन होईस्तोवर तयार. काय भरू म्हटलं की उत्तर एकच, "भरा की काय पण." याद्या संपल्या. लावणी, भक्ती, दर्दभरी, डीजे असे फोल्डरच्या फोल्डर उचलून टाकायचो. तासाची कॅसेट भरायला तास जायचा, त्यामुळे प्रत्येक गाणं माझ्या कानावरून जायचं. कार्डातलं एकही मी ऐकलेलं नाही.

२०१४ मध्ये शटर ओढलं. जिओ आलं त्याच्या दोन वर्षांनी. तर ताई, तुमच्या फोनमधली गाणी अशी आली. कुणीतरी माझ्यासारख्याने भरून दिली असणार. मुलाच्या तक्त्यात डाउनलोड खोडा आणि 'कार्ड भरणे' लिहा.

वऱ्हाडी_झटका

अन् कॉलर ट्यून विसरले का सारे? महिन्याचे तीस रुपये आणि गाणं बदललं का वेगळे पंधरा! डिजिटल गाण्यासाठी खेड्यापाड्यातल्या माणसानं पैसे मोजले ते तिथंच, अन् गंमत म्हणजे गाणं ऐकायचा दुसराच. आमच्या काकाच्या बॅलन्समधून सहा महिने कापत होते, त्याला माहीतच नव्हतं कोणतं गाणं लागलंय ते. गाण्याच्या कंपन्या तेव्हा त्याच्यावरच जगल्या. त्यातलाही मोठा वाटा मोबाइल कंपन्यांकडंच राहायचा म्हणा.

निशिगंध_ठाणे

टेपवालेकाका, पोराला वाचून दाखवलं. दहापैकी सात मिनिटं आता कार्डालाच देणार म्हणतोय. आणि कॉलर ट्यून ऐकून तो जो हसत सुटलाय, तो अजून हसतोय.

काका, ती सव्वातीन मिनिटांची वही आहे का हो अजून? एखाद्या पानाचा फोटो मिळाला तर त्याला दाखवायला होईल.

टेपवाला_कराड

आहे. माळ्यावर, त्या परत न गेलेल्या दोन खोक्यांच्या खाली. गुडघ्यामुळे मला शिडी चढता येत नाही. रविवारी पुतण्या येतोय, त्याला चढवतो. अक्षर लागलं नाही तर विचारा, 'मि.' म्हणजे मिनिटं आणि 'मा.' म्हणजे माझी आवड.