मदत हवी आहे: चादरीच्या लेबलचा केशरी रंग छपाईत मळकट येतोय

सोलापुरात चादर-टॉवेलच्या पॅकिंगची लेबलं डिझाइन करतो. एका कारखानदाराच्या नव्या लेबलची पार्श्वभूमी भडक केशरी आहे. दुकानात घड्या रचल्या की गिऱ्हाइकाला लांबून आधी रंगच दिसतो, त्यामुळे तो नेमका यायलाच हवा. चार रंगी ऑफसेटवर मात्र तो मळकट उतरतोय.

फाइल कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची, सीएमवायकेमध्येच, म्हणजे सायन (निळा), मॅजेंटा (गुलाबी), यलो (पिवळा) आणि ब्लॅक (काळा) या चार शाईंच्या मिश्रणात. मॅजेंटा 60 टक्के, यलो 100 टक्के, सायन आणि ब्लॅक शून्य. मॅजेंटा 50 वर आणला, तर रंग पिवळट झाला. मराठी मजकूर कर्व्ह केलेला (अक्षरांचे फॉन्टऐवजी आकार केलेला) आहे, त्याची अडचण नाही. आर्टपेपरवर (गुळगुळीत लेपाच्या कागदावर) थोडा फरक पडला, पण वरून मॅट लॅमिनेशन (बिनचकाकीचं प्लास्टिक आवरण) होणार आणि त्याने रंग आणखी दबतो. मालकांना मॅटच हवंय, ते बदलणार नाही.

प्रेसवाले स्पॉट रंग सुचवतात, म्हणजे चार शाईंच्या मिश्रणाऐवजी आधीच तयार केलेली एकच केशरी शाई. त्यासाठी पाचव्या शाईची वेगळी प्लेट, चार रंगी मशिनवर कागद पुन्हा चालवायचा, खर्च वाढला. लेबलवर फोटो नाही, बाकी सगळा मजकूर काळा. ऑर्डर 5,000 ची.

मग सीएमवायके सोडून केशरी स्पॉट आणि काळा अशा दोनच रंगांत छापलं तर स्वस्त पडेल का? आणि मॅटखाली दबणार हे धरून केशरीची कोणती शेड निवडावी?