ट्रक चालवायला युरोपला जावं का? माझं मत : जावं

उरणकर

माझा भाचा न्हावाशेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. चाकण, तळेगाव, कधी वाळूजपर्यंत. वय २९, बारावी पास, हेवी लायसन्स, दारू नाही, तंबाखू आहे. नवी मुंबईतल्या एका एजंटने त्याला लिथुआनियाच्या कंपनीचं काम देऊ केलंय. दिवसाला ८० युरो, व्हिसा-तिकीट एजंटकडे, खर्च साडेसहा लाख. घरात महाभारत चालू आहे. ताई म्हणते जमिनीला हात लावायचा नाही. भाऊजी गप्प.

मला विचाराल तर त्याने जावं. इथे पंचवीस हजार पगार आणि फेरीचा भत्ता. पोर्टच्या रांगेत रात्र काढायची, संडास नाही, पाणी विकत. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा म्हणायचा दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. तो पाळला जाताना कुणी बघितला असेल तर हात वर करा. केबिनला एसी सक्तीचा व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला, तोही फक्त नव्या गाड्यांना. मानाचं तर बोलूच नका, ड्रायव्हर म्हटल्यावर स्थळं परत जातात.

तिकडे गाडीत टॅकोग्राफ असतो, चालकाचे तास मोजणारं यंत्र. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं. दिवसाला ९ तास, आठवड्यातून फार तर दोनदा १०. शेठने फोनवर 'अजून जरा ओढ' म्हटलं तरी ओढता येत नाही, सगळं कार्डावर नोंदतं. महिन्याचे दोन लाख धरले तरी साडेसहा लाख वर्षभरात फिटतात. खोडून काढा.

कोयनाकाठ

माझ्या स्वतःच्या पाच गाड्या आहेत म्हणून बोलतो. आज चांगला चालक मिळत नाही. दोन गाड्या उभ्या आहेत, हप्ते चालू आहेत. अशा वेळी शिकलेली पोरं कर्ज काढून बाहेर चालली. पंचवीस हजार कमी वाटतात, पण भत्त्यातून वाचतं, डिझेलमधून वाचतं, सणाला घरी येता येतं. तिकडे आजारी पडला तर बघायला कोण आहे?

घरधनीण

@कोयनाकाठ, 'डिझेलमधून वाचतं' हे मालकाच्या तोंडून ऐकून मजा वाटली. म्हणजे पगार इतका कमी की चालकाने थोडी चोरी करावी हे गृहीतच धरलंय.

माझे मिस्टर बारा टायर चालवतात, गुजरात-कर्नाटक लाइन. सणाला घरी येतात म्हणता? मागच्या गणपतीत ते चेकपोस्टवर होते. घरी आले तरी पहिला दिवस झोपेत जातो, दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. दोन महिने काम आणि मग ठरलेली सुट्टी असा करार असेल तर मी स्वतः बॅग भरून देईन.

आणखी एक. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चक्का जाम केला होता, अपघात करून न कळवता पळालेल्याला दहा वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद नव्या न्यायसंहितेत आली म्हणून. सगळ्यांनी टीव्हीवर पेट्रोलपंपाच्या रांगा बघितल्या. चालक पळतो का, हे कुणी विचारलं? चूक दुचाकीवाल्याची असली तरी जमाव आधी केबिनचं दार उघडतो. फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो तो त्यासाठी. ते कलम सध्या थांबवलंय, जमाव थांबलेला नाही.

चौदाटायर

मी पोलंडच्या कंपनीकडे आहे. आता फ्रान्समध्ये पार्किंगला उभा आहे, वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

दिवसाला ८० युरो हा पगार नसतो. पगारपत्रकावर मूळ पगार त्या देशाच्या किमान वेतनाच्या आसपास, बाकी सगळा दैनिक भत्ता. गाडीवर आहात तोवर भत्ता. गाडी गॅरेजला लागली, ताप आला, गावाला गेलात, की हातात मूळ पगार. त्यामुळे वर्षभराचे दोन-दोन लाख कुणी मोजू नयेत. माझ्या आधीच्या कंपनीने ताडपत्री फाटली म्हणून पैसे कापले, डिझेल जास्त लागलं म्हणून कापले, आणि हिशोब ज्या भाषेत दिला ती मला वाचता येत नव्हती.

टॅकोग्राफचं कौतुक खरं आहे, पण अर्धं. त्यावर बटण असतं. दोन हातोड्यांची खूण म्हणजे दुसरं काम, पलंगाची खूण म्हणजे विश्रांती. माल उतरवताना हातोडे हवेत. कंपनीतून गाड्या हलवणारा डिस्पॅचर सांगतो पलंगावर ठेव. म्हणजे मी चार तास पॅलेट ओढतोय आणि कार्ड म्हणतंय झोपलाय. मग पुढे पूर्ण नऊ तास गाडी चालवायला मोकळा. पकडलं तर दंड कंपनीलाही होतो, पण रस्त्याच्या कडेला पोलिसासमोर मी एकटा उभा असतो.

आणि पार्किंग. जर्मनीत संध्याकाळी पाच-सहानंतर हायवेवरच्या विश्रांतीच्या जागा भरून वाहतात. ट्रकला ८० ची मर्यादा. कार्डावर वीस मिनिटं उरलेली, पुढचा थांबा फुल्ल, त्याच्या पुढचा पण फुल्ल. शेवटी लोक आत शिरायच्या वळणावरच लावतात आणि झोपतात. आठवड्याची ४५ तासांची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायला बंदी आहे, ट्रकबाहेर नीट सोय कंपनीने द्यायची. बहुतेक शनिवारी मी काय करतो सांगू? पडदे ओढतो, ट्रेलरखालच्या पेटीतून शेगडी काढतो आणि खिचडी लावतो. रविवारी जर्मनीत रात्री दहापर्यंत मोठे ट्रक बंदच असतात, त्यामुळे शेजारी उझबेक, जॉर्जियन, युक्रेनियन, सगळे कपडे वाळत घालून बसलेले.

तरीही मी परत येत नाही. रस्ता सरळ आहे, हप्ता कुणी मागत नाही, आणि मागून येणारा हॉर्न वाजवत नाही. पहिले काही दिवस वाटायचं माझा हॉर्नच बिघडलाय.

उरणकर

@चौदाटायर, म्हणजे एवढं सगळं सांगून शेवटी माझ्याच बाजूने!

स्टुटगार्टकर

उरणकर, घाई करू नका. मी ट्रकवाला नाही, ऑफिसात बसतो. पण २०२३ चा ग्रेफेनहाउझेनचा संप इथे सगळ्यांनी बघितला. डार्मश्टाटजवळ ए-५ महामार्गावरचा विश्रांतीचा थांबा. एका पोलिश मालकाचे चालक, बहुतेक जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे, पगार थकला म्हणून गाड्या उभ्या करून बसले. गुड फ्रायडेला मालकाने काय पाठवावं? चिलखती गाडी आणि खासगी रखवालदारांची टोळी, गाड्या जबरदस्तीने न्यायला. पोलिसांनी त्या टोळीलाच धरलं. चालक हटले नाहीत, एप्रिलअखेर सुमारे तीन लाख युरोंची थकबाकी वसूल करून उठले. त्याच उन्हाळ्यात त्याच जागी दुसरा संप झाला.

त्यांना पण दिवसाचे साधारण ८० युरोच कबूल केले होते.

मुद्दा असा की जर्मन रस्त्यावर धावणारा चालक जर्मन नियमांत असतोच असं नाही. करार लिथुआनियाचा किंवा पोलंडचा, गाडी फिरणार फ्रान्स-जर्मनीत, तक्रार कुठल्या देशात करायची तेच कळत नाही. शिवाय युरोपबाहेरच्या चालकाला जे चालक-प्रमाणपत्र लागतं ते कंपनीच्या अर्जावर निघतं. कंपनी सोडली की ते गेलं. डोक्यावर साडेसहा लाखांचं कर्ज असलेला पोरगा अशा वेळी पलंगाचं बटण दाबणार नाही तर काय करेल?

सरळ जर्मनीत यायचं असेल तर वाट लांब आहे. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा नव्याने. शिवाय व्यावसायिक चालकाचं १४० तासांचं प्रशिक्षण. पण परवाना हातात आला की काम मिळायला अडचण नाही, कारण वाहतूकदारांची इथे चालकांसाठी मारामार चालू आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात वाहनचालकही धरले होते आणि जर्मन भाषेचं शिक्षण सरकारी खर्चाने ठरलं होतं. भाच्याने आधी तिथे चौकशी करावी.

कोयनाकाठ

सरकारी योजनेची वाट बघत बसला तर पोरगा चाळिशीला पोचेल.

रियाध_रिटर्न

इतक्या प्रतिसादांत मुख्य प्रश्न कुणीच विचारला नाही. साडेसहा लाख कशाचे?

मी सौदीत ट्रेलर चालवला आहे, बाथाच्या सीमेवर पन्नास डिग्रीत रांगेत उभा राहिलोय, त्यामुळे कष्टाची भीती कुणी घालू नये. पण एजंटचं गणित समजून घ्या. परदेशी नोकरीला माणसं पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. आणि कामगाराकडून त्याला सेवाशुल्क घेता येतं ३० हजार रुपये अधिक जीएसटी. साडेसहा लाख नव्हे. त्याने सांगावं की व्हिसाची फी किती, तिकीट किती, प्रशिक्षण किती, आणि प्रत्येकाची पावती. पावती मागितली की अर्धे एजंट फोन उचलायचे बंद होतात.

आता गंमत ऐका. आखातात जाणाऱ्या दहावी नापासाच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, त्यामुळे जाण्याआधी त्याचे कागद सरकारदरबारी तपासले जातात. तुमचा भाचा बारावी पास, आणि लिथुआनिया अशी तपासणी लागणाऱ्या देशांच्या यादीतच नाही. म्हणजे त्याचा करार जाताना कुठलाही सरकारी माणूस वाचणार नाही. जास्त शिकला म्हणून संरक्षण कमी! तेव्हा तुम्हीच वाचा. मूळ पगार किती, भत्ता किती, कापणार कशाकशाचे, सुट्टीला येण्या-जाण्याचं तिकीट कुणाचं, आणि कंपनीने मुदतीआधी काढलं तर काय.

ब्रॅम्प्टनचा_भाऊ

कॅनडाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. इथे परदेशी कामगार आणायला मालकाला एलएमआयए नावाची सरकारी मंजुरी लागते, तिची फी १००० डॉलर, ती मालकाने भरायची, कामगाराकडून वसूल करणं बेकायदा. प्रत्यक्षात तोच कागद आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांना लाखांनी विकला. मार्च २०२५ पासून त्याच्यावर पीआरचे, म्हणजे कायमच्या वास्तव्याचे, जादा गुणही मिळत नाहीत, तरी गावाकडे अजून त्याच भावाने विकतायत असं कानावर येतं. आणि अमेरिका सुचवणाऱ्यांसाठी : ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे ट्रकचालकांचे कामाचे व्हिसे थांबवले.

दुसरं, चालवणं. आपल्याकडे पंधरा वर्षं घाट चढलेला माणूस म्हणतो मला काय शिकवता. काळा बर्फ दिसत नाही हो, ओला रस्ता वाटतो. २०१८ मध्ये इथल्या सस्कॅचेवान प्रांतात एक ट्रक 'स्टॉप'ची पाटी न थांबता ओलांडून गेला आणि हॉकीच्या पोरांची बस त्यावर आदळली. १६ गेले. चालक आपल्याकडूनच आलेला, तरुण, नोकरीत नवा, सोबत कुणी नाही. आठ वर्षांची शिक्षा आणि मग देशाबाहेर काढायचा आदेश. त्यानंतर तिथे परवान्याआधी १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. म्हणून सांगतो, जी कंपनी 'लगेच गाडी देतो' म्हणते तिच्यापासून लांब राहा.

घरधनीण

हे बरोबर. पण म्हणून जाऊच नये हे त्यातून निघत नाही. इथल्या मालकाने तरी किती तास शिकवलंय? आमच्या ह्यांना किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढवलं आणि एका रात्री ड्रायव्हरला झोप आली म्हणून स्टेअरिंग हातात दिलं, तेच ट्रेनिंग.

उरणकर

काल एजंटकडे जाऊन आलो. नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला, हेड ऑफिस दिल्लीला आहे, नंबर त्यांच्याकडे. कराराची प्रत मागितली तर म्हणाला, टोकन भरल्यावर. पावतीचा विषय काढल्यावर चहा मागवला. टोकन भरलेलं नाही.

मत माझं तेच आहे, त्याने बाहेर पडावं. या माणसाच्या हातून नाही. भाचा जर्मनची चौकशी करायला तयार झालाय, पण तोंड वाकडं करून. म्हणतो, ट्रेलर रिव्हर्स घेणं सोपं, हे व्याकरण कुठे शिकू? @चौदाटायर, तुमच्या आताच्या कंपनीत थेट अर्ज घेतात का ते कळवा.

चौदाटायर

घेतात. इंग्रजीत फोनवर बोलता आलं पाहिजे. खासगी निरोप पाठवतो.

कोयनाकाठ

तोपर्यंत भाच्याला माझा नंबर द्या. बत्तीस हजार देतो, नवी गाडी, कराड-बेंगळुरू लाइन. उगाच लांब कशाला.

घरधनीण

एसी, पीएफ, आणि आठवड्याची सुट्टी. तिन्ही लिहून द्या.

कोयनाकाठ

एसी आहे. बाकीचं फोनवर बोलू.