काउंटीनिहाय मध्यक घरगुती उत्पन्नाची दीर्घ मालिका कशी जुळवावी?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतील सर्व काउंट्यांच्या (राज्यांतील जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) मध्यक घरगुती उत्पन्नाची, म्हणजे घरे उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या उत्पन्नाची, १९८० पासूनची मालिका मी तयार करत आहे. १९८०, १९९० आणि २००० चे आकडे जनगणनेतून घेतले, आणि त्यापुढे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या सरकारी नमुना सर्वेक्षणाचे पाच वर्षांचे (पाच वर्षांची उत्तरे एकत्र करून काढलेले) अंदाज ओळीने लावले. सगळे आकडे एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये आणले आहेत. मोठ्या काउंट्यांची रेघ पटण्याजोगी दिसते. पण टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत अवघी ६४ माणसे मोजली गेली होती, आणि तिथल्या आकड्यावर किती भिस्त ठेवावी हे कळत नाही. ही मालिका एकसंध मानावी का? आणि लहान काउंट्या शेजारच्या काउंट्यांना जोडून त्यांच्या मध्यकांची सरासरी घेतली तर चालेल का?

पहिले उत्तर

एकसंध मानू नये. जनगणनेतील उत्पन्न आदल्या कॅलेंडर वर्षाचे असते, म्हणजे २००० च्या जनगणनेतला आकडा १९९९ चा आहे, आणि तो साधारण सहा घरांमागे एका घराला दिलेल्या लांब प्रश्नावलीतून आलेला आहे. २०१० मध्ये ती प्रश्नावलीच राहिली नाही. कम्युनिटी सर्व्हे वर्षभर चालतो आणि ‘गेल्या बारा महिन्यांतील उत्पन्न’ विचारतो, त्यामुळे पाच वर्षांच्या अंदाजाला शेवटच्या वर्षाचे लेबल लावून आलेखावर ठेवले की वाचणाऱ्याची दिशाभूल होते. लगतच्या दोन अंदाजांत चार वर्षांची माहिती सामाईक असते, म्हणून तुलना २०१०–१४ आणि २०१५–१९ अशा एकमेकांत न मिसळणाऱ्या कालखंडांचीच करावी. एका वर्षाचे अंदाज ६५,००० किंवा अधिक लोकसंख्येच्या काउंट्यांपुरतेच मिळतात, आणि त्यातही २०२० चे नेहमीच्या स्वरूपात आले नाहीत.

त्रुटीची मर्यादाही, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज किती वरखाली असू शकतो तो आकडाही, सोबत ठेवा. ती ९० टक्के विश्वासपातळीची असते. उदाहरणादाखल, एका कालखंडाचा अंदाज ४८,२०० डॉलर, मर्यादा ३,९००. पुढच्याचा ५२,१००, मर्यादा ४,३००. फरक ३,९०० डॉलरचा दिसतो, पण या फरकाची मर्यादा, म्हणजे दोन्ही मर्यादांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, सुमारे ५,८०० येते, फरकाहून जास्त. म्हणजे उत्पन्न वाढले असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही, आणि लहान काउंट्यांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

दुसरे उत्तर

आपल्याला दर वर्षाचा आकडा हवा असेल तर सेन्सस ब्युरोचे (अमेरिकेच्या जनगणना खात्याचे) ‘स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स’, म्हणजे लहान भागांच्या उत्पन्नाचे व गरिबीचे अंदाज, पाहावेत. त्यात सर्वेक्षणाचा थेट अंदाज आणि प्राप्तिकर विवरणपत्रे, अन्नसाहाय्याचे लाभार्थी इत्यादी नोंदींवर बेतलेल्या प्रतिगमनाचा (नोंदींशी असलेल्या संबंधावरून उत्पन्न वर्तवणाऱ्या सूत्राचा) अंदाज यांची सांगड घातलेली असते. नमुना जितका तोकडा, तितका भार प्रतिगमनाकडे झुकतो, त्यामुळे लहान काउंटीचे आकडे एका-दोन घरांच्या उत्तरांनी हलत नाहीत. माझ्या मते आपल्या कामाला हाच पाया योग्य आहे. मात्र २००५ पासून या अंदाजांचा आधार करंट पॉप्युलेशन सर्व्हे या दुसऱ्या सर्वेक्षणाऐवजी कम्युनिटी सर्व्हे झाला. तिथे आलेखावर उभी रेघ ओढावी आणि २००४ ते २००५ या बदलाचा अर्थ लावू नये. शिवाय पुढे याच आकड्यांचा अन्नसाहाय्याशी संबंध तपासायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण तो संबंध अंदाज करतानाच त्यात घातलेला आहे.

तिसरे उत्तर

मध्यकांची सरासरी कृपया घेऊ नका. एका काउंटीत तीन घरे आहेत असे समजू, उत्पन्न हजार डॉलरमध्ये २०, ३० आणि १००; दुसरीत पाच घरे, ४०, ५०, ६०, ७० आणि ८०. मध्यक अनुक्रमे ३० आणि ६०. साधी सरासरी ४५ येते, घरांच्या संख्येचा भार दिला तर ४८.७५, पण आठही घरे चढत्या क्रमाने लावली की खरा मध्यक ५५ निघतो. म्हणून उत्पन्नगटांचा तक्ता घ्यावा. कम्युनिटी सर्व्हेच्या तक्त्यात असे १६ गट असतात. जोडायच्या काउंट्यांची गटवार घरसंख्या बेरजेत घ्यावी, निम्मी घरे ज्या गटात पूर्ण होतात तो गट शोधावा आणि त्या गटाच्या आत प्रमाणानुसार बिंदू काढावा. वरचा गट २,००,००० डॉलरपासून उघडा असतो, पण मध्यक तिथवर क्वचितच पोहोचतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. २००५ पूर्वीची आणि नंतरची रेघ वेगळी काढतो आणि सरासरीचा स्तंभ काढून टाकतो. कनेक्टिकटच्या आठ काउंट्या २०२२ च्या माहितीत सापडतच नाहीत, त्यांचे काय करावे?

दुसरे उत्तर देणारे

त्या वर्षापासून कम्युनिटी सर्व्हेत तिथे काउंट्यांच्या जागी नऊ नियोजन प्रदेश आले आहेत, आणि त्यांच्या सीमा जुन्या काउंट्यांशी जुळत नाहीत. जुनी मालिका तिथेच थांबवावी. दक्षिण डकोटातील शॅनन काउंटीचे मात्र २०१५ मध्ये केवळ नाव बदलून ओग्लाला लकोटा झाले. माहितीत काउंटी ओळखण्यासाठी वापरला जाणारा तिचा सांकेतिक क्रमांक ४६११३ वरून ४६१०२ केला की मालिका अखंड राहते.