आयरिश स्ट्यू घरी करायचा आहे: बोकडाचे मटण चालेल का?

प्रश्न (धुळे)
माझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी तिखट बंद केले आहे, पण मटणाचा रस्सा त्यांना जीव की प्राण आहे. आयरिश स्ट्यूमध्ये ना काळा मसाला, ना भाजलेले खोबरे, ना फोडणी. मटण, बटाटे, कांदे, पाणी आणि मीठ एवढ्यावरच तो शिजतो, असे वाचले. आमच्या बाजारात कोकराचे मटण मिळत नाही, तेव्हा बोकडाचे चालेल का? आणि मटण परतायचेच नसेल, तर रश्शाला चव व दाटपणा कशाने येतो, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (जळगाव)
ताई, बोकडाचे मटण निश्चित चालेल. आयर्लंडमध्ये मेंढ्या पूर्वी मुख्यतः लोकर आणि दूध यांसाठी पाळल्या जात, त्यामुळे हंडीत पडायचे ते बहुधा वयस्क जनावराचे निबर मटण. कोवळे कोकरू नंतर आले. म्हणून खाटकाकडून मानेचे आणि नळीचे हाडासकट मोठे तुकडे घ्यावेत. या भागांतील चिवट पांढरे पडदे मंद आचेवर हळूहळू विरघळतात आणि रश्शाला अंगचा दाटपणा देतात, जो मांडीच्या नुसत्या बोटीने येत नाही.

1 किलो मटणाला 1 किलो बटाटे आणि 3 मोठे कांदे घ्यावेत. जाड बुडाच्या पातेल्यात निम्म्या बटाट्यांच्या चकत्या, त्यावर मटण आणि जाडसर चिरलेला कांदा असे थर लावून, मीठ-मिरपूड घालून, जेमतेम बुडेल इतकेच पाणी ओतावे. उकळी आली की वरचा फेस काढून आच अगदी बारीक करावी आणि झाकण ठेवून दीड ते दोन तास शिजू द्यावे. उरलेले बटाटे अर्धे कापून शेवटच्या पाऊण तासात घालावेत. मटण लालसर परतण्याचा मोह टाळा, कारण हा स्ट्यू फिकटच असतो आणि कांद्याचा गोडवा त्यात स्वच्छ लागतो.

उत्तर २ (नंदुरबार)
खालच्या थराला पिठूळ बटाटा हवा, म्हणजे तो विरघळून रस्सा दाट होतो. वर घालायचा मात्र घट्ट, नवा बटाटा असावा. शीतगृहातून आलेला बटाटा गोडसर लागतो, तो शक्यतो टाळावा. स्ट्यूत सुगंधासाठी थाइम या विलायती वनस्पतीची सुकी पाने घालतात, ती न मिळाल्यास चिमूटभर ओवा घाला, कारण दोन्हींत थायमॉल हेच सुगंधी द्रव्य असते. गाजराविषयी आयरिश मंडळींत आजही वाद आहे. माझ्या मते ते नसलेलेच बरे.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. कुकर वापरला तर?

उत्तर १ (जळगाव)
वेळ नसेल तर मटण व खालचे बटाटे कुकरमध्ये शिजवा, पण वरचे बटाटे नंतर उघड्या भांड्यातच घाला. सासऱ्यांसाठी करत आहात, तेव्हा आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने सहज निघते.