वेलावरची सगळी फळं गळताहेत, काय करू? लवकर सांगा

रानजाई | सोमवार, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. बी टोचून अडीच महिने झाले. पानं निरोगी आहेत, मांडव भरून गेलाय, फुलं रोज येतात. पण फळ म्हणून एकही हाती लागलेलं नाही. बोटभर होतं, टोकाकडून पिवळं पडतं, देठाशी मऊ होतं आणि हात लावला की गळून पडतं. कालपर्यंत एकवीस मोजली. परागीभवन मी हातानं करतेय, तेव्हा कृपया ते सुचवू नका. खत घातलंय, पाणी वेळेवर आहे. या आठवड्यात फरक पडला नाही तर वेल काढून टाकायचा असं घरात सगळे म्हणताहेत आणि मला तो काढायचा नाही. नक्की काय कमी पडतंय?

खुरपं | सोमवार, रात्री ९.५२
वेल कोणता?

कौलारू | सोमवार, रात्री १०.०५
हेच विचारायला आलो. शिवाय कुंडीत आहे की जमिनीत? ऊन किती तास? खत ‘घातलंय’ म्हणजे कोणतं, किती, शेवटचं कधी? फोटो टाकता आला तर उत्तम.

गच्चीवरचा माळी | सोमवार, रात्री १०.२०
ताई, शेंडे खुडले होते का? सगळं गमक तिथेच आहे. मुख्य वेलाला आठ-दहा पानं झाली की शेंडा खुडायचा. बगलेतून फांद्या फुटतात, त्यांचेही शेंडे खुडायचे. मग ज्या तिसऱ्या पिढीच्या फांद्या येतात त्यांच्यावर मादी फुलंच मादी फुलं. याला थ्री-जी कटिंग म्हणतात. मी चार वर्षं करतोय, नर फुलांचा नुसता पसारा झालेला मी माझ्या गच्चीवर पाहिलेला नाही. उद्याच कात्री घ्या.

अंगणवेल | सोमवार, रात्री १०.३८
दादा, त्यांना मादी फुलं येताहेतच की. बोटभर फळ धरतंय याचा अर्थच तो. वेलवर्गात मादी फुलाच्या मागे कळीपासूनच इवलं फळ असतं, नर फुलाच्या मागे नुसता लांब देठ. त्यांची मादी फुलं टिकत नाहीयेत, हा वेगळा प्रश्न आहे. अडीच महिन्यांच्या वेलावर आता कात्री चालवली तर हाती असलेलंही जाईल.

गच्चीवरचा माळी | सोमवार, रात्री १०.४४
टिकत नाहीत कारण जोर सगळा शेंड्याला जातो. करून बघा, मग बोला.

दवबिंदू | मंगळवार, सकाळी ७.१५
मला तर ही सरळसरळ फळमाशी वाटते. कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, आत अळ्या होतात, फळ पिवळं पडून गळतं. आमच्याकडे कारल्यांचं असंच झालं होतं. मिथाइल युजेनॉलचा सापळा आणा आणि टांगा, विषय संपला.

खुरपं | मंगळवार, सकाळी ७.५०
दवबिंदू, तो सापळा आंब्या-पेरूवरच्या माशीचा. वेलावर येणारी माशी वेगळी, ती क्यू-ल्यूरच्या वासाला येते. चुकीचं आमिष टांगलं तर महिनाभर सापळा रिकामा राहतो आणि आपल्याला वाटतं माशीच नाही. दुसरं म्हणजे दोन्ही सापळ्यांत फक्त नर अडकतात. फळाला टोचायचं काम मादी करते. घरच्या दोन-चार फळांना कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधणं सगळ्यात भरवशाचं.

रानजाई, गळलेलं एखादं फळ उभं चिरून पाहिलंत का? आत अळी दिसते का, वर टोचल्याचा बारीक ठिपका, त्यातून डिंकासारखा चिकट थेंब? आणि वेल कोणता ते अजून कळलं नाही.

रानजाई | मंगळवार, दुपारी १.१०
दुधी आहे हो. मला वाटलं मी लिहिलं होतं.

वीस लिटरच्या बादलीत आहे, खाली भोकं पाडलीत. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारखं सारखं. ऊन पाच-सहा तास. गॅलरीत आहे, डासांसाठी बारीक जाळी लावलेली आहे, मांडव जाळीच्या आतल्या बाजूला. खत म्हणजे दर रविवारी चमचाभर युरिया पाण्यातून.

फळं कापून पाहिली, आताच तीन चिरली. आत अळी नाही, ठिपका नाही, आतून स्वच्छ पांढरी. बियांच्या जागी नुसत्या पुसट रेषा. बाहेरची लव अजून तशीच, बोटाला मखमलीसारखी लागते. अशी तीन हातात घेतली की जीव तुटतो.

कौलारू | मंगळवार, दुपारी १.३५
वीस लिटर दुधीला फार कमी. मी निदान अठरा इंची पिशवी वापरतो. आणि दर आठवड्याला युरिया? त्यात नुसतं नत्र असतं. पानांचा डोंगर होणार, फुलाफळाला ताकद कुठून येणार? युरिया आजपासून बंद करा.

शेवंता | मंगळवार, दुपारी २.२०
युरियाच मुळात घरच्या बागेत कशाला हवा? शेणखत, निंबोळी पेंड, पालापाचोळ्याचं खत, एवढं पुरेसं आहे. रसायनानं माती मरते.

कौलारू | मंगळवार, दुपारी २.४१
युरियानं माती मरते असं मी म्हटलेलं नाही. मुळं शेवटी नत्र घेतात ते नायट्रेट नाही तर अमोनियमच्या रूपात, मग ते पेंडीतून आलेलं असो की पिशवीतून. फरक वेगाचा आणि मात्रेचा आहे. बादलीत मात्रा चुकायला वेळ लागत नाही, म्हणून बंद करा म्हटलं.

शेवंता | मंगळवार, दुपारी ३.०५
आणि गांडुळांचं काय? माझ्या कुंडीत माती उकरली की गांडुळं दिसतात. ती दिसेनाशी झाली की मी समजते काहीतरी चुकलं. झाडाला खाऊ घालायचं की मातीला, हा प्रश्न आहे, आणि मी मातीच्या बाजूची आहे.

नवपालवी | मंगळवार, दुपारी ४.००
इथे जाणकार आहेत म्हणून विचारते, वेगळा धागा काढत नाही. माझ्या टोमॅटोचा तळ काळा पडतोय, चामड्यासारखा. वरून फळ अगदी छान. कुणाला माहीत आहे का? अंड्याची टरफलं घातलीत.

दवबिंदू | मंगळवार, दुपारी ४.१८
कॅल्शियम कमी. टरफलं अजून घाला.

खुरपं | मंगळवार, दुपारी ४.३०
टरफलं विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, या हंगामात त्यांचा उपयोग नाही. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी कधी कोरडं, कधी चिंब झालं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. नवपालवी, पाणी रोज ठरल्या वेळी द्या, मातीवर वाळलेल्या पानांचा थर पसरा. काळी पडलेली फळं काढून टाका, पुढची सुधारतील. आणि कृपया वेगळा धागा काढा, इथे दुधीचं राहून जाईल.

गच्चीवरचा माळी | मंगळवार, सायंकाळी ५.१२
दुधी म्हटल्यावर तर थ्री-जी शंभर टक्के.

जुनी कुंडी | मंगळवार, सायंकाळी ५.४०
दुधीच्या पानांवर पांढरी भुकटी आली असेल तर ती भुरी. दुधाचं पाणी फवारा, एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात. ही नुसती ऐकीव गोष्ट नाही, ब्राझीलच्या वॅग्नर बेट्टिओल यांनी हरितगृहातल्या झुकिनीवर दुधाचे प्रयोग करून १९९९ मध्ये निष्कर्ष छापले होते, भुरी खरोखर आटोक्यात आली होती. मी दर हंगामात करतो.

अंगणवेल | मंगळवार, सायंकाळी ५.५५
काका, माहिती चांगली आहे, पण त्यांच्या पानांवर भुरी नाही. पानं निरोगी आहेत असं पहिल्याच ओळीत आहे.

रानजाई, एक विचारू? तुम्ही परागीभवन हातानं करता म्हणालात. किती वाजता?

रानजाई | मंगळवार, रात्री ८.३०
सकाळी, सात-साडेसातला. उठल्याबरोबर पहिलं काम तेच. व्हिडिओत दाखवलं तसं. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला दांडा मादी फुलात फिरवायचा. व्हिडिओ लाल भोपळ्याचा होता, पण वेलवर्गातले सगळे सारखेच ना? हे मी बरोबर करतेय, त्यात शंका नाही.

अंगणवेल | मंगळवार, रात्री ८.४१
तिथेच चुकतंय. सगळे सारखे नाहीत.

लाल भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, म्हणून व्हिडिओतली सकाळ बरोबर आहे. काकडी, कारलं, घोसाळं हीसुद्धा सकाळची. दुधी संध्याकाळचा. त्याची पांढरी फुलं ऊन उतरल्यावर उमलतात, रात्रभर उघडी असतात आणि सकाळी मलूल होतात. पांढरा रंग अंधारात उठून दिसतो, रात्री उडणारे पतंग त्यावर येतात. दोडका घोसाळ्याचा सख्खा भाऊ, पण तोही संध्याकाळचा. पडवळाची झालरीची फुलं रात्रीची.

तुम्ही सकाळी जाता तेव्हा पराग शिळे झालेले असतात. आणि जाळी इतकी बारीक, की रात्री पतंगानं यायचं म्हटलं तरी वाट नाही. म्हणजे तुमच्या वेलाला आजवर परागीभवन झालेलंच नाही. फळात बी धरलं नाही की वेल ते टाकून देतो. आत अळी नाही, ठिपका नाही, हे सगळं त्याच्याशी जुळतं.

खुरपं | मंगळवार, रात्री ८.४९
अगदी बरोबर. मी माशीच्या मागे लागलो, वेळ विचारायचं सुचलं नाही. उद्या सहानंतर बघा. त्याच संध्याकाळी उमललेलं ताजं नर फूल घ्या. मादी फुलाच्या मध्यभागी तीन पाळ्यांचा गड्डा दिसेल, तिन्ही पाळ्यांना पराग लागले पाहिजेत. एकाच पाळीला लागले तर फळ वेडंवाकडं होतं किंवा गळतं. ब्रश लागत नाही.

रानजाई | मंगळवार, रात्री ९.०२
आत्ता टॉर्च घेऊन पाहून आले. उमललीत. पाच नर, एक मादी. मी अडीच महिन्यांत रात्री मांडवाखाली कधी उभीच राहिले नव्हते. सकाळी फुलं चुरगळलेली दिसायची तेव्हा वाटायचं, वाऱ्यानं झाली असतील.

पाकळी एकदम पातळ, चुरगळून पुन्हा उलगडलेल्या तलम कापडासारखी, हिरव्या शिरा दिसतात. सकाळच्या फुलातून काही निघायचं नाही, आता दांड्याला बोट लावलं तर बोट फिकट पिवळं झालं. लावले पराग, तिन्ही पाळ्यांना. देठाला लाल दोरा बांधून ठेवलाय.

शेवंता | मंगळवार, रात्री ९.२०
छान केलंत. आणि युरिया बंद बरं का.

गच्चीवरचा माळी | बुधवार, सकाळी ८.००
वेळेचं मला नवीन नाही, गच्चीवर पतंग येतात म्हणून मला कधी हात लावावा लागला नाही इतकंच. तरी पुढच्या हंगामात बी टोचाल तेव्हा शेंडा खुडा. फळांची संख्या वाढेल हे मी खात्रीनं सांगतो.

रानजाई | शनिवार, सायंकाळी ७.१०
लाल दोऱ्याचं फळ गळलेलं नाही. चौथा दिवस. आधीची चौथ्या दिवशी पिवळी पडायची. याचा देठ जाड झालाय, फळ खाली वळलंय, रंग गडद हिरवा चकचकीत. बुधवारी आणखी दोन केली होती, त्यातलं एक आज पिवळं दिसतंय. तिन्ही पाळ्यांना लावले होते. मग ते का?

कौलारू | शनिवार, सायंकाळी ७.३४
वीस लिटरची बादली. एका वेळी दोन फळं पोसली तरी खूप. जास्त झाली की वेल स्वतःच सोडतो, त्यात तुमची चूक नाही. आता उन्हाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी बघा. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या.

दवबिंदू | शनिवार, रात्री ८.०५
आणि जाळी काढलीत तर पिशवी बांधायला विसरू नका. माझी कारली अशीच गेली.

रानजाई | पुढचा गुरुवार, रात्री ८.५०
मंडळी, नववा दिवस. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरतो. लव अजून आहे. दुसरा त्याच्या निम्मा. आज संध्याकाळी जाळीचा एक कोपरा सोडला आणि दिवा बंद करून तासभर बसले. एक पतंग आला, करड्या रंगाचा, फुलासमोर हवेतच थांबला, लांब सोंड आत घातली आणि पुढच्या फुलावर गेला. घरातले सगळे येऊन बघून गेले. वेल काढायचं आता कुणी बोलत नाही.

काढायचा कधी? मोठा करत ठेवू का?

अंगणवेल | गुरुवार, रात्री ९.०६
ठेवू नका. नख सहज रुतत असेल आणि लव शिल्लक असेल तोवर कोवळा. बारा ते पंधरा दिवसांत काढा. पहिला जून होऊ दिला तर वेल बी पिकवण्यात गुंततो आणि मागची फळं मागे पडतात. देठासकट कात्रीनं कापा, पिळून तोडू नका.

खुरपं | गुरुवार, रात्री ९.१५
आणि कापल्यावर आतला एक कण जिभेला लावून पाहायचाच. कडू लागला तर थुंकून टाका आणि सगळा फेकून द्या. कडू दुधीतलं विष शिजवून जात नाही. हे घरच्या फळालाही लागू आहे.

रानजाई | गुरुवार, रात्री ९.२१
हे माहीत नव्हतं, पाहीन. आता उठते, आज दोन मादी फुलं उमललीत.

नवपालवी | गुरुवार, रात्री ९.४०
पाणी ठरल्या वेळी देतेय, नवीन टोमॅटोंचा तळ अजून तरी स्वच्छ आहे. वेगळा धागा काढला आहे, तिथे मिरचीच्या पानांचं बघा ना कुणीतरी. आक्रसताहेत.