मदत हवी आहे: लीन पद्धत सांभाळून राखीव साठा किती ठेवावा?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या मशीन शॉपमध्ये हायड्रॉलिक सिलिंडरचे भाग तयार होतात. लीन पद्धतीनुसार, म्हणजे गरजेपुरताच माल ठेवून अपव्यय टाळण्याच्या पद्धतीनुसार, कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) आणि सील (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) यांचा साठा आम्ही जेमतेम आठवडाभराचा ठेवतो. परंतु कास्टिंग कोल्हापूरकडून येत असल्याने, ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद राहिला तशी वेळ पुन्हा आल्यास यंत्रे कशी चालवायची, हा प्रश्न आहे. 1997 मध्ये टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागल्यावर ब्रेकच्या एका छोट्या व्हॉल्व्हअभावी खुद्द टोयोटाचे जपानमधील बहुतेक उत्पादन थांबले होते, आणि 2011 च्या भूकंपानंतर त्याच कंपनीने निवडक भागांचा जादा साठा ठेवण्याचे धोरण स्वीकारले. सरसकट साठा वाढवणे मला पटत नाही, कारण ढिगाखाली दोष लपतात आणि रबरी सीलना तर वापराची मुदतही असते.

पर्यायी माल मिळायला लागणारा काळ आणि काम थांबल्यास होणारा रोजचा तोटा, या निकषांवर कोणी राखीव साठा ठरवला आहे का? तसेच बेळगावातच दुसरी फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) जोडताना पॅटर्नचा (ज्यावरून ओतकामाचा साचा बनतो त्या नमुन्याचा) दुसरा संच आणि ग्राहकाची नव्याने मंजुरी यांचा खर्च आपण कसा भागवला, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर कळवावे.